हनुवटीखालचा पट्टा



वसंतातल्या ह्या व्यासपीठावर वेदान्तापासून विश्वाच्या उत्पत्तीपर्यंत सगळे विषय होऊन गेले आहेत. तेथे मोटारसायकलच्या हेल्मेटच्या पट्ट्यावर बोलायला एक युनियनवाला उभा राहिला, म्हणजे कार्यक्रमपत्रिकेत छपाईची चूक झाली असावी, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. तशी चूक झालेली नाही. विषय आम्हीच मागून घेतला आहे. आमचे शिक्षण शाळेत सातवीपर्यंत झाले; पुढचे गेटसभांत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. मोठ्या विषयांवर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु कामगाराच्या बोटांखालून दिवसातून दहादा जाणारी एखादी क्षुद्र वस्तू असेल, तर तिच्याविषयी चार शब्द सांगण्याइतका अनुभव आमच्या गाठीशी आहे.

हेल्मेट घालावे की घालू नये, ह्या वादात आज आम्ही शिरणार नाही. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी हेल्मेटची कारवाई कडक केली, तेव्हा त्याविरुद्ध मोर्चा निघाला, हे आपणास ठाऊक आहे. मान दुखते, उकडते, मागचा भोंगा ऐकू येत नाही, असे एक बाजू म्हणाली. जीव आधी, असे दुसरी म्हणाली. आम्ही दुसऱ्या बाजूचे आहोत, हे लपवीत नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ सालचे जे आकडे छापले, त्यांत रस्त्यावर मेलेली माणसे १,६८,४९१ आहेत. त्यांपैकी हेल्मेट न घातलेली ५०,०२९. चालवणारे ३५,६९२ आणि मागे बसलेले १४,३३७. एवढे आकडे वाचल्यावर वाद घालण्याची आमची तरी इच्छा उरत नाही. मात्र ह्या हिशेबाला रकाने दोनच: घातलेले आणि न घातलेले. ज्याने घातले पण बांधले नाही, तो माणूस कोणत्या रकान्यात बसतो?

कायद्याने ह्याचे उत्तर दिलेले आहे, आणि ते फार थोड्यांनी वाचले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम हेल्मेटची सक्ती करते. त्या कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे. हेल्मेट कशास म्हणावे, ह्याच्या तेथे दोन अटी आहेत. पहिली अशी की, त्याचा आकार, माल आणि बांधणी अपघातात रक्षण करील अशी असावी. दुसरी अशी की, त्यालाच लावलेल्या पट्ट्याने किंवा बंधनाने ते डोक्याला पक्के बांधलेले असावे. म्हणजे पट्टा न लावता डोक्यावर ठेवलेली वस्तू कायद्याच्या दृष्टीने हेल्मेटच नव्हे. ती टोपी झाली. फार तर जड टोपी म्हणा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना रद्द अशी शिक्षा आली, परंतु चौकातला मामा लांबून पाहतो तो डोक्यावर काही गोल आहे की नाही एवढेच. हनुवटीखाली वाकून पाहायला त्यालाही सवड नाही.

सकाळच्या पाळीला औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावर घटकाभर उभे राहा. हेल्मेटे पुष्कळ दिसतील. काहींची हँडलला लटकलेली, काहींची कोपरात अडकवलेली. तो प्रकार सोडून द्या. ज्यांनी डोक्यावर घातली आहेत त्यांच्या हनुवटीखाली बघा. कित्येकांचे पट्टे दोन्ही गालांवरून लहान मुलीच्या वेण्यांसारखे लोंबत असतात. काहींनी ते आत खोचून ठेवलेले असतात, म्हणजे वाऱ्याने फडफडून गालाला लागू नयेत! काहींचे लावलेले असतात, पण इतके सैल की मधून मूठ जाईल.

ह्या माणसांना मूर्ख म्हणणे सोपे आहे. सुरक्षा सप्ताहात पाहुणे म्हणून येणारे पुष्कळ वक्ते ते म्हणतातही. आमचा अनुभव निराळा आहे. एक कामगार चुकला तर त्याची चूक असेल, पण शंभर कामगार एकच चूक रोज करू लागले तर हत्यार तपासावे, असे आम्ही प्रेस शॉपमध्ये शिकलो. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमाने यंत्राला आडोसा, म्हणजे गार्ड, लावणे मालकावर बंधनकारक केले. गार्ड लागले, आणि कामगारांनी ते काढून ठेवले. का? नगावर मजुरी होती आणि गार्ड हाताच्या आड येत होते. जेथे गार्डची रचना बदलून हात मोकळा चालेल असे केले, तेथे ते राहिले. जेथे नुसती पाटी लावली, तेथे बोटे जात राहिली. हेल्मेटच्या पट्ट्याचे गणित ह्याहून वेगळे नाही. सोय म्हणजे चैन, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. जी वस्तू दिवसातून पन्नास वेळा लावायची आहे, तिची सोय हा तिच्या सुरक्षिततेचाच भाग असतो.

पट्टा करतो काय, ते आधी पाहू. अपघातात डोके एकदा आपटते आणि खेळ संपतो, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात माणूस एकदा गाडीवर किंवा समोरच्या वाहनावर आदळतो, मग रस्त्यावर पडतो, मग घसरत जाऊन कठड्याला लागतो. हेल्मेटचे बाहेरचे कवच आणि आतला थर्माकोलसारखा थर स्वतः चिरडून जाऊन धक्का शोषून घेतात, पण त्यासाठी ते प्रत्येक धक्क्याला डोक्यावर असावे लागते. हेल्मेटचे वजन किलोच्या आगेमागे. डोके थांबते तेव्हा ते थांबत नाही, पुढे निघू पाहते. बहुधा मागची कड वर उचलली जाते आणि सबंध हेल्मेट कपाळावरून पुढे गडगडते. पट्टा ह्या गडगडण्याला अडवतो. म्हणून त्याची जागा हनुवटीच्या टोकावर नाही. टोकावरून तो निसटतो, शिवाय बोलताना जबडा हलतो. तो जबड्याच्या खाली, गळा सुरू होतो त्या खळग्यात बसला पाहिजे. पट्टा आणि कातडी ह्यांच्यामध्ये एखाददुसरे बोट जाईल इतकीच जागा हवी. दुकानात हेल्मेट घेताना पट्टा लावा, मान खाली घाला, आणि बरोबरच्या माणसाला मागची कड धरून वर ओढायला सांगा. निघाले तर दुकानदाराला परत द्या, मग त्याच्यावर कितीही सुंदर चित्र काढलेले असो.

हेल्मेटचा प्रचार एका शस्त्रवैद्याने केला, हा इतिहास आम्हाला वाचनालयात सापडला. अरबस्तानातल्या युद्धामुळे प्रसिद्ध झालेला टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडात मोटारसायकलवरून पडला आणि सहाव्या दिवशी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूचे शस्त्रवैद्य ह्यू केर्न्स होते. ते प्रेत त्यांच्या मनातून गेले नाही. १९४१ साली त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध लिहिला आणि दाखवून दिले की, महायुद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसलेले मेले. हेल्मेट घालून जखमी झालेले रुग्ण त्यांना तोवर सातच पाहायला मिळाले होते, आणि ते सातही जगले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्याने आपल्या संदेशवाहक स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सैन्यात एक सोय असते: पट्टा लावला की नाही हे पाहायला हवालदार असतो. आमच्या डिलिव्हरीच्या पोरामागे कोणी हवालदार नसतो, घड्याळ असते.

आता बंधनांचे प्रकार. बाजारात मुख्यतः तीन आहेत आणि तिघांचे स्वभाव अगदी वेगळे.

पहिला दोन कड्यांचा, ज्याला दुकानदार डी-रिंग म्हणतात. कॅनव्हासच्या कमरपट्ट्याला दोन कड्या असतात, तोच प्रकार. पट्ट्याचे टोक दोन्ही कड्यांतून घालायचे, मग बाहेरच्या कडीवरून मागे वळवून एकट्या आतल्या कडीतून काढायचे आणि ओढायचे. जितका ताण पडेल तितका पट्टा स्वतःलाच आवळून धरतो. ह्यात स्प्रिंग नाही, दाते नाहीत, मोडण्यासारखे काही नाही. दर वेळी गळ्याच्या मापाने बसतो. हिवाळ्यात मफलर असो, उन्हाळ्यात उघडा गळा असो, त्याला फरक पडत नाही. शर्यतीच्या मैदानावर आजही हाच चालतो तो ह्यामुळे. परंतु त्याला दोन हात लागतात, हातमोजे काढावे लागतात, आणि सगळे काम न पाहता, केवळ बोटांच्या स्पर्शाने करावे लागते. सवय झाली की अंधारातही जमते, हे खरे. मात्र सवय होईपर्यंत धीर धरणारा माणूस पाहिजे. ह्यातल्या दोन चुका आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. टोक दोन्ही कड्यांतून घातले, पण परत वळवलेच नाही. असा पट्टा ओढला की सरळ निघतो. दुसरी चूक अधिक फसवी. उरलेले टोक वाऱ्यात फडफडू नये म्हणून त्याला एक टिचबटण दिलेले असते. कित्येक लोक त्या बटणालाच कुलूप समजतात! कड्या मोकळ्या, बटण लावलेले, आणि माणूस निश्चिंत. ते बटण लहान मुलाच्या झबल्याच्या बटणाइतकेच मजबूत असते.

दुसरा दातेरी पट्टीचा. एका बाजूला दाते असलेली प्लॅस्टिकची पट्टी, दुसऱ्या बाजूला बक्कल. पट्टी आत सरकवली की टक टक टक करीत हवी तेवढी आत जाते आणि परत येत नाही. सोडताना बकलाची जीभ ओढायची. एका हाताने लागतो, मोजे घालून लागतो, आणि गळ्याचे माप दर वेळी एकदोन दाते कमीजास्त करून साधता येते. आमच्या मते गावात दिवसभर चढउतार करणाऱ्या माणसाला हाच उत्तम. कड्यांचे भक्त आमच्यावर रागावतील, रागावोत. ह्यातही खोडी आहेत. बक्कल जबड्याच्या हाडावर आले तर तासाभरात ठणकते. ते हाडाच्या खाली मऊ जागेत यावे, यासाठी दुसऱ्या बाजूने पट्ट्याची लांबी आधी नीट लावावी लागते. ते काम बहुतेक कोणी करीत नाही. मग पट्टी एकाच दात्यावर कशीबशी अडकते. दाढी राखणाऱ्यांचे केस दात्यांत सापडतात. घाम वाळून मीठ साचते, त्यात रस्त्याची धूळ बसते आणि दाते अर्धवट लागू लागतात. जुन्या दाढीच्या ब्रशाने आणि साध्या पाण्याने आठवड्यातून एकदा घासले तर पुष्कळ फरक पडतो. पेट्रोलने किंवा थिनरने धुवू नये. प्लॅस्टिक त्याने मरते.

तिसरा खटक्याचा. मोटारीच्या सीटबेल्टसारखे पाते खाचेत घालायचे, टक् असा आवाज होतो, आणि लाल बटण दाबले की सुटतो. सर्वांत सोपा, म्हणून सर्वांत जास्त फसवणारा. त्याला माप स्वतःला कळत नाही. लांबी एका सरकपट्टीने ठरते आणि ती सरकपट्टी वापराने हळूहळू ढिली होत जाते. टक् आवाज मात्र पहिल्या दिवशी येत होता तसाच रोज येतो. माणसाला वाटते, लागले. लागले खरे, पण हनुवटीखाली दोन इंच मोकळे! त्यात आणखी एक निकृष्ट जात आहे, शाळेच्या दप्तराला असते तसली दोन्हीकडून चिमटायची क्लिप. फुटपाथवरच्या स्वस्त मालाला ती पुष्कळदा असते. १ जून २०२१ पासून भारतीय मानक ४१५१ चा शिक्का नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकणे बेकायदा ठरले, तरी तो माल कुठे मिळतो हे आपल्या गावातल्या कोणालाही विचारा.

अलीकडे महाग हेल्मेटांना चुंबक असलेली कुलपेही येतात. चुंबक फक्त दोन टोके जवळ आणतो; धरून ठेवण्याचे काम आतला खटकाच करतो. चांगली युक्ती आहे. किंमत कमी होईल तेव्हा आमच्या लोकांपर्यंत येईल.

ह्या बंधनांची परीक्षा होत नाही असे नाही. होते आणि कडक होते. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाचा हेल्मेटविषयीचा २२ क्रमांकाचा नियम आहे. त्याच्या पाचव्या सुधारणामालिकेत पट्ट्याला झटका देण्यासाठी दहा किलोचे वजन पाऊण मीटरवरून सोडतात आणि त्या झटक्याने पट्टा ३५ मिलिमीटरपेक्षा अधिक खाली येता कामा नये. झटपट उघडणाऱ्या बकलाचा दाबण्याचा भाग लाल किंवा नारिंगी असावा, म्हणजे अपघाताच्या जागी परक्या माणसालाही तो दिसावा, हेही त्यात आहे. आपले भारतीय मानकही पट्ट्याची कसोटी घेते. परंतु प्रयोगशाळेतल्या त्या डोक्याला घाम येत नाही. त्याला दाढी नसते, कानात बुगडी नसते, पुढची ऑर्डर नसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेथे पट्टा नेहमी लावलेला असतो.

त्याच नियमात आणखी एक आकडा आहे, आणि तो वाचून आम्ही पेन्सिल हातात घेतली. झटपट उघडणारे बक्कल ५,००० वेळा लावून आणि सोडून पाहतात, मग त्याची ताकद तपासतात. आता हिशेब करा. कचेरीत जाणारा कारकून दिवसातून चार वेळा पट्टा लावतो असे धरू. ५,००० व्हायला त्याला साडेबाराशे दिवस लागतील, म्हणजे तीन वर्षांहून अधिक. आता घरपोच जेवण पोचवणारा मुलगा घ्या. पंचवीस ऑर्डरी धरा. प्रत्येकीला हॉटेलपाशी एकदा आणि गिऱ्हाइकाच्या दारी एकदा हेल्मेट काढायचे आणि पुन्हा बांधायचे. दिवसाला पन्नास झाले. त्याचे ५,००० शंभर दिवसांत संपतात. गुढीपाडव्याला घेतलेले हेल्मेट आषाढ संपता संपता परीक्षेच्या मर्यादेपलीकडे गेले! पाच हजार एकाव्या वेळी बक्कल मोडते असे आम्ही म्हणत नाही. चांगले बक्कल पुष्कळ पुढे जाते. परंतु ज्याच्या हातून ही वस्तू सर्वांत अधिक झिजते, त्याचा विचार करून ती परीक्षा आखलेली नाही, एवढे खास. आणि वेळेचे बघा. कड्यांचा पट्टा लावायला दहा सेकंद धरले, तर पन्नास वेळांचे पाचशे सेकंद, आठ मिनिटांवर. दहा मिनिटांत घरपोच, अशी जाहिरात ह्या देशात झालेली आहे. त्या दहा मिनिटांत हे दहा सेकंद कोणी धरले होते का? त्या मुलाने ते धरले नाहीत, पट्टा लोंबता ठेवला, तर बेशिस्त कोणाची म्हणायची?

येथे एक प्रसंग सांगणे भाग आहे. आमच्या युनियनचा एक सभासद रात्रपाळी संपवून घरी निघाला होता. वळणावर वाळू सांडलेली होती, गाडी घसरली. आम्ही पोचलो तेव्हा पंचनामा चालू होता. त्यात एक ओळ होती की, मयताचे हेल्मेट रस्त्याच्या कडेस पडलेले असून सुस्थितीत आहे. सुस्थितीत! एक चरासुद्धा नव्हता. आम्ही ते हातात घेऊन पाहिले. खटक्याच्या क्लिपचे एक पाते मोडलेले होते, आणि मोडल्या जागी मळ बसला होता, म्हणजे ते पडताना मोडले नव्हते, कितीतरी आधीचे होते. हे हेल्मेट त्याच्या कारखान्याने ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाला वाटलेल्यांपैकी होते. सगळ्यांना एकच माप, सगळ्यांना एकच क्लिप, कारण निविदेत सर्वांत कमी भाव तो. हेल्मेट नसेल तर गेटमध्ये प्रवेश नाही असा हुकूम होता, त्यामुळे क्लिप मोडली तरी हेल्मेट डोक्यावर ठेवून येणे त्याला प्राप्त होते. नवी क्लिप मिळण्याची सोय कोठेच नव्हती.

त्याची बायको आम्हाला म्हणाली, "भाऊ, हे हेल्मेट घालूनच निघाले होते ना? रोज घालायचे. मी स्वतः हातात द्यायचे." आम्ही तिला काय सांगणार होतो? क्लिपची हकीकत त्या दिवशी आम्ही सांगितली नाही.

पुढे व्यवस्थापनाकडे गेलो. साहेब सभ्य होते, वाईट वाटले असे म्हणाले, आणि पुढे म्हणाले, "हेल्मेट आम्ही दिलं होतं. पट्टा लावणं हे ज्याचं त्याचं काम." आम्ही म्हटले, "साहेब, बूट देता तेव्हा नाडी बरोबर देता की नाही?" ते हसले नाहीत, आम्हीही हसलो नाही. कामावर येताजाता झालेला अपघात हा नोकरीतलाच अपघात मानावा, अशी तरतूद २०१० साली कर्मचारी राज्य विमा कायद्यात आली होती, आणि तिच्या आधारे त्या कुटुंबाला आश्रितांचा लाभ मिळाला. त्यासाठी कागद पुष्कळ फिरवावे लागले. मिळाले ते ठीकच झाले. पण त्या क्लिपची किंमत विचाराल, तर एका चहाहून फारशी अधिक नसावी.

त्यानंतर त्या कारखान्यात आम्ही एक साधी मागणी केली. दंड नको, भाषण नको. पुढची हेल्मेटे घेण्याआधी तीन प्रकारच्या पट्ट्यांचे नमुने आणून कँटीनमध्ये ठेवा, आणि आठ दिवस ज्याला जो हवा तो वापरून बघू द्या. बऱ्याच खटपटीने मान्य झाले. त्या आठ दिवसांत आम्ही जे शिकलो ते पुस्तकात नव्हते. वेल्डिंग खात्यातल्या लोकांची बोटे जाड आणि भाजलेली. त्यांना बारीक बटण सापडत नाही, ओढायची लांब जीभ हवी. चष्मेवाल्यांना पट्टा कानाच्या अगदी जवळून गेला की काडी टोचते. साठीला आलेल्या एका वॉचमनने कड्यांचा पट्टा निवडला आणि म्हणाला, ह्याला बिघडायला काही नाही, आता मला शिकायलाही वेळ आहे.

सर्वांत जास्त तक्रारी बायकांच्या होत्या, आणि त्यांचा विचार करून पट्टा बनवलेला नाही हे चटकन लक्षात आले. उन्हासाठी आणि धुळीसाठी त्या तोंडाभोवती स्कार्फ गुंडाळतात, त्याची गाठ नेमकी हनुवटीखाली येते. वरून पट्टा लावला की गाठ गळ्यात रुतते, म्हणून पट्टा सैल करतात. मंगळसूत्र पट्ट्यात अडकते. केसांचा अंबाडा असला की हेल्मेटची मागची कड आधीच वर राहते. उपाय तेथल्या बायकांनीच काढला: स्कार्फची गाठ मागे मानेवर घ्यायची, टोके ब्लाउजमध्ये किंवा कुर्त्यात खोचायची, पट्ट्यावर मऊ सुती खोळ चढवायची, ती सोडवून धुता यावी. आमच्यासारख्या मिशाळ पुढाऱ्यांना हे सुचले नसते. मागे बसणाऱ्या बाईला वा मुलाला हेल्मेट हवे हेही १२९ व्या कलमातच आहे. चार वर्षांवरील प्रत्येकाला ते लागू आहे. पण घरात जे जुने, मोठे, बक्कल मोडलेले हेल्मेट असते तेच मागच्या माणसाच्या वाट्याला येते, हे आपण सर्व जाणतो.

खोळीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. चैत्र-वैशाखात आमच्या पोरांच्या जबड्याखाली जो लाल चट्टा दिसतो, तो घामाने भिजून वाळलेल्या नायलॉनचा. वाळला की पट्टा कडक होतो आणि कडेने कापतो. रोज रात्री ओल्या फडक्याने पुसला आणि सावलीत वाळवला तर तो मऊ राहतो. पट्ट्याची शिवण उसवली किंवा कड विसविशीत झाली, तर चांभाराकडून टाका घालून घेण्याचा मोह होतो; हौसेने गाठ मारणारेही आहेत. तेथे काटकसर करू नये. ती शिवण कंपनीत ज्या ताणाला तपासलेली असते, तो ताण हातशिवणीला माहीत नसतो.

ह्या सालच्या मागणीपत्रकात आम्ही पुढील गोष्टी घालीत आहोत. हेल्मेट मालक देणार असेल तर माप घेऊन द्यावे आणि बंधनाचा प्रकार कामगाराने निवडावा. क्लिपा, बकले आणि खोळी गेटवरच्या सुरक्षा खात्यात सुट्या मिळाव्यात, त्याच दिवशी, अर्ज न करता. गेटवर हेल्मेट आहे की नाही एवढेच न पाहता पट्टा लागतो की नाही हे पाहावे, आणि लागत नसेल तर माणसाला परत न धाडता पट्टा दुरुस्त करून आत घ्यावे. घरपोच माल पोचवणाऱ्या मुलांची युनियन आता कोठे उभी राहते आहे. त्यांचे मालक कोण, ह्यावरच अजून वाद घातला जातो. त्यांच्यासाठी आमची मागणी अशी की, दोन ऑर्डरींच्या मधला वेळ मोजताना हेल्मेट काढण्याचा आणि बांधण्याचा वेळ त्यात धरावा, आणि पट्ट्याच्या झिजेप्रमाणे हेल्मेट बदलून द्यावे, वर्षाच्या पंचांगाप्रमाणे नव्हे. एका कंपनीच्या अधिकाऱ्यापुढे हे मांडले, तेव्हा तो म्हणाला, "इतक्या बारीक गोष्टी मागणीपत्रकात कशाला?" आम्ही त्याला आमच्या पेन्सिलीचा हिशेब दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही.

व्याख्यानाची वेळ संपत आली आहे आणि अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले. सभामंडपाच्या बाहेर चपलांच्या शेजारी आमच्या कार्यकर्त्यांनी एक टेबल मांडले आहे. त्यावर तीन हेल्मेटे ठेवली आहेत, एक कड्यांचे, एक दातेरी पट्टीचे, एक खटक्याचे. डोळे मिटून, एका हातात पिशवी धरून, तिन्ही लावून बघा. आपले स्वतःचे हेल्मेट गाडीला लटकवलेले असेल तर तेही घेऊन या. मागची कड ओढून बघायला आमची पोरे तेथे उभी आहेत. सुट्या क्लिपाही थोड्या आणल्या आहेत. बसवून देण्याचे पैसे नाहीत.